डावा घोटा

२८ नोव्हेंबर

हरलो. घरच्या मॅटवर, घरच्या लोकांपुढे, कबड्डी लीगच्या पहिल्याच दिवशी. नंदुरबारवाल्यांनी दोनदा लोण चढवला. दुसऱ्या लोणला मी समोरची प्लास्टिकची खुर्ची उचलून आपटली, तिचा तुटका पाय माझ्याच तळहातात घुसला. शेजारी हेमा रिक्षावाला होता, त्याने पण एक तोडली, मैत्री म्हणून. रक्त टपकत घरी आलो. बायको कल्पना हळद दाबत म्हणाली, "खेळ त्यांचा, पैसा शेठचा आणि रक्त तुमचं. चांगलंय."

एकटा योगेश खेळला. बाकीचे मॅटवर लग्नाला आल्यासारखे उभे. एकेकाच्या कानाखाली आवाज काढायला पाहिजे.

संघ बुडणार हे मला धोंड्याच्या महिन्यातच कळलं होतं. शेठने जावयाला जेवायला बोलावलं, चांदीच्या ताटात अनारसे वाढले आणि वाण म्हणून अख्खा 'वाघूर वीर' संघ हातात दिला. लोक जावयाला अंगठी देतात, फार तर मोटरसायकल. ह्याने आमचा संघ दिला. आता मालक, मॅनेजर, निवड समिती सगळं जावईबापू. (पुढे फक्त जा.बा. लिहीन, त्याच्यासाठी जास्त शाई नाही.) जन्मात कधी गुडघा खरचटलेला नाही आणि खेळाडू निवडतोय. शेठला कोण सांगणार? मुलगी त्याच्या घरात दिलेली. जावयाला नाही म्हणायची सोय नाही.

२ डिसेंबर

वर्कशॉपचं शटर उघडायच्या आधी योगेशचा सराव. मागच्या अंगणात जुन्या गाद्या टाकून. तीन वर्षं झाली आमच्या वरच्या खोलीत राहतोय, पहूरहून आला तेव्हा एक पिशवी होती. भाडं दोन महिनेच घेतलं असेल, मग कल्पना म्हणाली घरच्या पोराकडून काय घेता.

डावा घोटा अजून दुखतो त्याचा. गेल्या वर्षी मुरगळला तो नीट बसलाच नाही. मोज्याच्या आत पट्टी गुंडाळून खेळतो. पट्टी मीच बांधतो, वेल्डिंगच्या हाताने, घट्ट. हे माहीत फक्त मला, कल्पनाला आणि त्याला, बस. चौथ्याला कळलं की संपलं. पकडणारे त्याच पायावर झेपावणार.

फेब्रुवारीत क्रीडा कोट्याची चाचणी आहे. नोकरी. वयात बसतो ते हे शेवटचं वर्ष. पोरगा म्हणाला, "दादा, पायाने एवढे दोन महिने काढून द्यावेत, मग तुटला तरी चालेल." असलं बोलू नको म्हणून टपली मारली.

गॅलरीतून मी "वळ!" म्हणून ओरडलो की तो मागे न बघता वळतो. प्रशिक्षकाचं ऐकत नाही, माझं ऐकतो. ते बघून प्रशिक्षकाचं तोंड कारल्यासारखं होतं. होऊ दे.

५ डिसेंबर

विकला.

दुपारी गाळ्यात ग्रील जोडत होतो, हेमा धापा टाकत आला. "भो, योग्याला धुळ्याला देऊन टाकलं." पांझरा पँथर्सला. बदल्यात काय? एक माजी स्टार, पंधरा वर्षांपूर्वी टीव्हीवर दिसायचा, दोन्ही गुडघ्यांना टोप्या. आणि एक बचावपटू, तो जा.बा.च्या मित्राचा भाऊ निघाला.

हातातला हातोडा घेऊनच ऑफिसला गेलो. वॉचमनने अडवलं, त्याला ढकललं, तो कुंडीवर पडला. बिचारा. काचेच्या दारामागे जा.बा. मोबाइलवर. म्हणे, "रमेशभाऊ, समजून घ्या. नाव मोठं आहे. फ्लेक्सवर चेहरा चालतो." मी म्हणालो, चढाई फ्लेक्सवर करायची आहे का? म्हणे तुम्हाला मॅनेजमेंट कळत नाही.

काच फोडली. काचच फोडली, त्याचं नशीब.

६ डिसेंबर

योगेश गेला.

मला वाटत होतं तो नाही म्हणेल, भांडेल, निदान रडेल. त्याने आधीच सही केली होती. "करार आहे दादा. आणि धुळ्याला मॅटचा हॉल देतायत, चाचणीपर्यंत रोज सराव." बस एवढं. तीन वर्षं खाल्लेल्या भाकरीला मॅटचा हॉल.

आबांच्या (माझ्या वडिलांच्या) पाया पडला. नंतर माझ्याकडे गाळ्यात आला. मी वेल्डिंग करत होतो. तोंडावरची काच वर केली नाही, ठिणग्या उडवत राहिलो. थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. कल्पनाने पट्टीची गुंडाळी त्याच्या पिशवीत टाकली म्हणे. मी ज्या गेटवर वेल्डिंग करत होतो त्याला भोक पडलं. गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या, मी दुप्पट दिल्या.

आबा जेवताना म्हणाले, "पोऱ्यानी आपला रोट खायेल शे. भाऊबंद शे तो. तू बोलना का नही त्यानासंगे?"

मी ताट सरकवून उठलो.

१० डिसेंबर, रविवार

भरीत पार्टी, सुपडूच्या शेतात. दरवर्षी सीझनमध्ये एकदा सगळी आमची गॅलरी जमते. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत ठेचायला मी बसलो. ठेचताना प्रत्येक वांग्याला जा.बा. समजत होतो, त्यामुळे भरीत फार बारीक झालं.

ठरलं असं: पुढच्या सामन्याला जा.बा.च्या फ्लेक्सला चपला. धुळ्याच्या सामन्याला टेम्पो करून जायचं आणि योगेशने चढाई केली की पाठ फिरवून उभं राहायचं.

ते मला पटलं नव्हतं, पण मान हलवली. तेवढ्यात सुपडू (माझा चुलतभाऊ) बोललाच, "परक्याले रोट खावाडं तवयच मी सांगं व्हतं. कानबाई काय धर्मशाळा शे का?"

श्रावणात घरात कानबाई देवी बसली तेव्हा आबांनी योगेशला पंगतीत घेऊन रोट वाढला होता. आमच्यात देवीचा हा रोट भाऊबंदांशिवाय कुणाला देत नाहीत, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. सुपडूच्या घरचे तेव्हाच पंगत सोडून उठणार होते. ते मनात धरून बसलाय.

ठेचायचं दांडकं हातात होतंच. त्याच्या खांद्यावर एक ठेवून दिली. त्याने माझं डोकं भरताच्या ताटात दाबलं. मिरचीच्या भरतात डोळे जातात तेव्हा काय होतं ते ज्याचे गेले त्यालाच माहीत. आंधळ्यासारखा हात फिरवत होतो, एक हेमालाच लागली. शेवटी बायकांनी बादल्या ओतल्या.

डोळे अजून चुरचुरतायत, अक्षर वेडंवाकडं.

१४ डिसेंबर

हरलो. माजी स्टारने पहिल्याच चढाईत गुडघा धरला. बाहेर बसून गॅलरीकडे हात हलवत होता. आम्ही चपला हलवल्या.

१७ डिसेंबर, रविवार

प्रशिक्षक मध्यंतरात सोडून गेला. खरंच, मध्यंतरात. शिट्टी गळ्यातून काढून जा.बा.च्या टेबलावर ठेवली आणि पार्किंगकडे. दुसऱ्या डावात जा.बा. स्वतः रेषेवर उभा, डोळ्यांवर गॉगल, हॉलच्या आत. पोरांना ओरडतोय, "अटॅक! अटॅक!" बचावाला उभे असताना.

मी माझी पत्र्याची थाळी वाजवायची सळई फेकली. टेबलाला लागली, पाण्याच्या बाटल्या उडाल्या. पोलिसाने पोटरीवर एकच काठी घातली पण अशी, की जिना बसून उतरलो. गल्लीतल्या पोरांनी मला खांद्यावर घेतलं. हरलेल्या संघात तेवढीच मिरवणूक.

२० डिसेंबर

धुळे चारपैकी चार जिंकलं. पेपरात योगेशचा फोटो, हवेत, दोघांच्या डोक्यावरून. कल्पनाने कापून स्वयंपाकघरात फळीला चिकटवला. मी फाडला. तिने लाटणं फेकून मारलं, कोपराला बसलं. म्हणाली, "तुम्हाला पोरगा पाहिजे का संघ पाहिजे, एकदा ठरवा आणि मग तोडफोड करा."

फाडलेला फोटो तिने परत चिकटवला, जोडून.

२४ डिसेंबर

धुळ्याहून आलो. जिंकलो. लिहवत नाही.

२५ डिसेंबर

लिहितो. नाही लिहिलं तर कुणाला तरी मारून टाकीन.

टेम्पोत आम्ही सगळे, सुपडूसकट. भांडण असलं तरी सामना तो सामना. पारोळ्याला चहा घेतला. आबांनी निघताना सांगितलं होतं, "पोऱ्याले भेटजो. बोलजो." मी ठरवलं होतं पाठ फिरवायची नाही आणि ओरडायचंही नाही. थाळी सुद्धा पायाखाली ठेवली होती.

पण झालं काय, आम्ही पुढे गेलो. सीझनमध्ये पहिल्यांदा. कुठून अंगात आलं पोरांच्या देव जाणे, जा.बा.च्या मित्राचा भाऊ सुद्धा एक पकड करून बसला. मध्यंतराला आम्ही वर. गॅलरी वेडी झाली, हेमा माझ्या खांद्यावर चढला. थाळी माझ्या हातात कधी आली आठवत नाही. योगेश जोरात होता पण मी त्याला योगेश म्हणून बघतच नव्हतो. समोर धुळ्याची जर्सी होती, आणि ती आमचा गुण घेऊन पळत होती.

शेवटची चढाई. एक गुण पुढे आम्ही. तो आला. बोनस टाकायला उजवा पाय पुढे, सगळा भार डाव्यावर. मला दिसलं. हॉलमध्ये एवढ्या लोकांत फक्त मला दिसलं, कारण फक्त मला माहीत होतं.

मी कठड्यावर चढून ओरडलो, "डावा घोटा! डावा धर! पट्टी बांधेल शे त्याले!"

आमच्या कोपऱ्यातल्या पोराने झेप घेतली. घोटा दोन्ही हातांत. वरून साखळी पडली, चौघं. आवाज आला. सुकं लाकूड मोडतात तसा, वर गॅलरीपर्यंत.

शिट्टी. जिंकलो. आणि मी नाचलो. हे लिहायलाच पाहिजे. थाळी बडवत नाचलो, हेमाला मिठी मारली, सुपडूला मिठी मारली. ढीग बाजूला झाला तेव्हा पाय दिसला. पाऊल भलतीकडे वळलेलं. तो ओरडत नव्हता. आमच्या गॅलरीकडे बघत होता.

मग धुळ्याचे लोक आले खुर्च्या घेऊन. हेमाचं डोकं फुटलं. मी थाळीच्या कडेने एकाचं कपाळ फोडलं, कोण होता माहीत नाही, माझ्यापेक्षा म्हातारा होता. कुणीतरी मला मानेवर मारलं. बरं वाटलं. आणखी मारावं वाटत होतं. तेवढ्यात जा.बा. दिसला, गर्दीच्या मागे, माजी स्टारला कवेत घेऊन फोटो काढतोय. मॅटवर योगेश आडवा आणि हा फोटो काढतोय. कठड्यावरून उडी टाकून गेलो, गॉगलवर ठोसा, दुसरा तोंडावर. दात पडला त्याचा. माझ्या बोटाच्या सांध्यात त्याचा व्रण आहे. तिसरा मारणार होतो, पोलिसांनी कमरेत लाथ घातली.

चौकीत बसवलं, तक्रार लिहिली, सोडलं. योगेशला दवाखान्यात नेलं होतं. फाटकापर्यंत गेलो. आत गेलो नाही.

२७ डिसेंबर

ग्रुपवर व्हिडिओ फिरतोय. चढाईचा. माझा आवाज स्वच्छ. खाली लिहिलंय, "रमेशभाऊंचा एक आवाज, वाघूरचा विजय!" फटाक्यांची चित्रं. सुपडूने तीनदा पाठवला.

दुपारी हेमा आला, डोक्याला पट्टी. म्हणाला, "भो, माझ्या कानाजवळच ओरडला तू. मी कोणाला नाही सांगणार." मी म्हणालो, कोणाला सांगायचं राहिलंय?

त्याच्याकडे बघवेना. पत्रा कापायचं मशीन चालू केलं, तो बोलत राहिला, ऐकू आलं नाही.

२९ डिसेंबर

कल्पनाने व्हिडिओ पाहिला. शेजारच्या पोरीने कौतुकाने दाखवला. तिने फळीवरचा जोडलेला फोटो काढून पर्समध्ये ठेवला, दोन साड्या घेतल्या आणि एसटीने धुळ्याला गेली.

फोन केला रात्री. "पायात पट्टी टाकली, स्टीलची. डॉक्टर म्हणतात सहा महिने पाय टेकायचा नाही. त्याच्या भावाला पहूरला कळवलं, तो म्हणाला आमच्याकडे कोण बघणार." मी विचारलं, चाचणी? ती म्हणाली, "कुठली चाचणी?" आणि ठेवला.

१ जानेवारी

आबांना कुणी सांगितलं माहीत नाही. बाजेवर बसून होते, मी चहा दिला तर घेतला नाही.

"तू काय करी ऊना रे?"

काही नाही म्हणालो. त्यांनी काठी उचलली. पाठीवर लागली ती लागल्यासारखी नाही. दुसरी मारायला हात वर गेला नाही. मी तिथेच बसून राहिलो, मारतील म्हणून. नाही मारली.

३ जानेवारी

जा.बा.चा माणूस आला. पेढे घेऊन! दाताची तक्रार मागे घेणार म्हणे. अट एक, सात तारखेच्या घरच्या सामन्याला मॅटवर येऊन शाल-श्रीफळ घ्यायचं. 'वाघूरचा आवाज' म्हणून सत्कार. व्हिडिओ फार चाललाय, तिकिटं जातायत. "साहेब म्हणतात, झालं गेलं विसरू. मॅनेजमेंट म्हणजे माणसं जोडणं."

पेढ्यांचा खोका त्याच्या तोंडावर मारला. मग तो जाताना मागे पळत जाऊन म्हणालो, येतो. का म्हणालो? केस मिटेल म्हणून. गाळा बंद ठेवून कोर्टात फेऱ्या कोण घालणार म्हणून. दुसरंही काही मनात होतं, ते अजून नीट कळत नव्हतं.

५ जानेवारी

कल्पना योगेशला घेऊन आली. हेमाच्या रिक्षात, मागच्या सीटवर आडवा. वरच्या खोलीचा जिना चढता येणार नाही. पुढच्या खोलीत बाज टाकली. उचलून मी आणला. वजन अर्धं झालंय.

"पाणी देता का दादा?" दिलं. "उशी थोडी वर." केली. धुळ्याचा मालक एकदा केळी घेऊन आला होता, नंतर कुणी नाही. करारात जखमेचं काही लिहिलेलं नव्हतं. हे सगळं तो शेजारच्या माणसाचं सांगावं तसं सांगतो.

त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. व्हिडिओ त्याने बघितलाय का, माहीत नाही. शिव्या दे ना. तांब्या फेकून मार. गाळ्यात गेलो आणि ऐरणीवर बोट ठेवून हातोडा मारला. मुद्दाम का चुकून, आता मलाच सांगता येत नाही. नख काळं पडलं.

७ जानेवारी, रविवार

उजव्या हाताने लिहिता येत नाही, हे डाव्याने.

गेलो. हॉल गच्च. मध्यंतरात नाव पुकारलं, मॅटवर उभं केलं. जा.बा.ला नवा दात बसलाय, जुन्यापेक्षा चांगला. शाल घातली, नारळ दिला, माइक पुढे केला. "बोला, वाघूरचा आवाज!"

मी म्हणालो, "त्या पोराचा घोटा दुखतो हे मला माहीत होतं. माझ्या घरचा होता तो. पट्टी मी बांधायचो. मी ओरडलो म्हणून त्याचा पाय गेला, नोकरी गेली. आता माझ्याच घरात पडलाय."

वाटलं आता चपला येतील. यायला पाहिजे होत्या.

टाळ्या. अख्खी गॅलरी उभी राहिली. शिट्ट्या, थाळ्या. "घर का भेदी!" करून कुणी ओरडला आणि हसले सगळे. त्यांना वाटलं मी फुशारकी मारतोय. सुपडू कठड्यावर चढून माझीच नक्कल करत होता, "डावा धर! डावा धर!" मग सगळाच हॉल, "डावा धर! डावा धर!" जा.बा. पण. टाळी वाजवत.

नारळ जा.बा.च्या पायाशी फोडला, शाल त्याच्या डोक्यावर टाकली आणि गॅलरीत घुसलो. आमच्याच. सुपडूला कठड्यावरून खाली ओढला, बसून मारला. मग माझ्यावर पडले. ज्यांच्याबरोबर मी बारा वर्षं ओरडलो तेच, नाव घेऊन घेऊन मारत होते. "डोकं फिरलं का रमेशभाऊ?" म्हणून विचारायचे आणि लाथ. हेमा मध्ये पडला नसता तर आज हे लिहायला नसतो. दोन बरगड्या, मनगट.

त्याच गोंधळात पुढच्या डावात आमचा संघ लोण खाऊन हरला म्हणे. मेले असते तरी चाललं असतं.

१० जानेवारी

पुढच्या खोलीत आता दोन बाजा. एकीवर तो, एकीवर मी. मध्ये स्टूल, त्यावर दोघांच्या गोळ्या. कल्पना दोघांना भरवते आणि दोघांशी बोलत नाही. आबा दारातून बघून जातात.

आज दुपारी तो आढ्याकडे बघत म्हणाला, "हॉलमध्ये काय केलं ते हेमाभाऊंनी सांगितलं. कशाला केलं, दादा?"

मी म्हणालो, तुला ऐकू आलं होतं का त्या दिवशी?

"हो."

मग म्हणाला, "वाघूरच्या कोपऱ्यातल्या पोराला विचारलं मी, तो दवाखान्यात आला होता. जळगावचाच तो. रडत होता. त्याला काही ऐकू आलं नव्हतं. एवढ्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार? त्याने आपली नेहमीसारखी झेप टाकली. पाय मी काढलाच असता, दादा. पण तुमचा आवाज आला. शब्द नाही कळले, आवाज कळला. मला वाटलं वळ म्हणताय. वळलो."

श्वास घेतला तर बरगड्या टोचतात. घेतला नाही थोडा वेळ.

त्याला काय बोलायचं होतं ते बोलून तो झोपला. शांत झोपला. मी ह्या बाजेवर पडून त्याच्याकडे बघतोय. उठता येत असतं तर भिंतीवर डोकं आपटलं असतं.

१३ जानेवारी

दाताची तक्रार परत उभी राहिली. त्यात आता नवीन जोडलंय, मी दोन्ही सामन्यांत दंगा भडकवला, आणि धुळ्याला ठरवून खेळाडूला जायबंदी करायला लावलं. जा.बा. स्वतः आला घरी. माझ्या बाजेकडे ढुंकून पाहिलं नाही, योगेशच्या उशाशी बसला. "तू फक्त खरं काय ते सांग. उपचाराचा खर्च संघ करेल. पुढच्या सीझनला सहायक प्रशिक्षक तू. मॅनेजमेंटने ठरवलंय." म्हणजे सासऱ्याने अजून संघ काढून घेतलेला नाही.

मी उठून त्याचा गळा धरणार होतो, अर्ध्यात कळ आली आणि परत पडलो. कल्पनाने त्याला बाहेरचं दार दाखवलं, झाडू हातात घेऊन. अधिक महिना नाही आता.

योगेश त्याला म्हणाला, "सोमवारी जबाब देतो."

काय जबाब, ते ना त्याला सांगितलं ना मला.

१४ जानेवारी, रविवार

कल्पना तीळ भाजतेय. आबांनी तिला सांगताना ऐकलं, "पोऱ्या जे सांगी ते सांगू दे. कोणी त्याले शिकाडू नका. याले जेलमा जानं पडनं तरी जाऊ दे." याले म्हणजे मला.

बरोबर आहे म्हातारा. पण रात्री गाळ्याकडे बघून वाटलं, मी आत गेलो तर शटर कोण उघडणार. आणि मग त्या वाटण्याचाच राग आला. त्या पोराचं आयुष्य मोडलं आणि मला शटरची काळजी.

एकदा वाटलं, बाज सरकवून त्याच्याजवळ जावं आणि म्हणावं, सांग रे, ठरवून केलं असंच सांग. एकदा वाटलं, म्हणावं, चुकून झालं एवढं तरी सांग. दोन्ही वेळा तोंड उघडलं नाही.

१५ जानेवारी

हेमाची रिक्षा दारात आहे. चौकीत जबाब द्यायला जायचंय. कल्पना म्हणाली हेमा आणि ती नेतील, मी घरी पडून राहावं. योगेश म्हणाला, "दादांनी उचलून ठेवावं. कडेवर घ्यायची त्यांना सवय आहे." माझ्या बरगड्या, त्याचा पाय. दोघंही कण्हत दारापर्यंत आलो, आबांना हसू आवरेना, आणि मग ते डोळे पुसायला लागले.

रिक्षात त्याला आडवा ठेवला. मागे जागा नाही. त्याने माझा दंड धरून ठेवला.

"दादा, पुढे बसा, हेमाभाऊंच्या शेजारी. या तुम्ही. पण वाटेत काही बोलू नका. चौकीत पण नाही. तुमचा आवाज आला की मला दुसरं काही सुचत नाही."

त्याच्या तोंडाकडे पाहिलं. राग असता तर ओळखला असता, मला तेवढंच ओळखता येतं. काहीच कळलं नाही.

पाकीट विसरलो म्हणून आत आलोय, तेवढ्यात हे लिहून ठेवतो. हेमा हॉर्न वाजवतोय. मी योगेशला बरं म्हणालो. म्हणून झाल्यावर वाटलं, बरं तरी कशाला म्हणालो.